शंख-शिंपल्यांसाठी कोकणात जाताना: तिथी, किनारा आणि नियम

शंख-शिंपले वेचण्यासाठी कोणता किनारा चांगला, असे विचारले की बहुतेक जण एखाद्या प्रसिद्ध गावाचे नाव घेतात. हे उत्तर अपुरे आहे. ज्या पुळणीवर पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी आठच्या सुमारास पाणी दूर गेलेले असते आणि पावलोपावली काहीतरी वेचण्याजोगे दिसते, त्याच पुळणीवर अष्टमीला दिवसभर भटकूनही फुटक्या कवचांखेरीज फारसे हाती लागत नाही. म्हणून सहल आखताना आधी तिथी ठरवावी, मग किनारा निवडावा आणि राहण्याची व्यवस्था त्यानंतर पाहावी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. शनिवार-रविवार जोडून आलेली सुट्टी पाहून खोली घेतली जाते आणि समुद्र आपल्या सोयीने मागे हटेल असे गृहीत धरले जाते.

भरती-ओहोटीचे गणित

पश्चिम किनाऱ्यावर साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, त्यामुळे रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते व उधाण येते. तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याच्या चढउतारात फारसा फरक राहत नाही. शिंपले वेचणाऱ्याला चढत्या पाण्याचे काही देणेघेणे नसते, त्याला उधाणाची ओहोटी हवी असते, कारण एरवी पाण्याखाली राहणारा तळ तेव्हाच काही काळ उघडा पडतो.

कोकणात जुन्या माणसांना तोंडपाठ असलेला एक हिशेब येथे फार उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने मिळते. द्वितीयेला हे उत्तर दीड येते, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आसपास, पाणी सर्वांत खाली असते. तृतीयेला हीच वेळ आठच्या सुमारास येते. प्रत्यक्ष अमावास्येला किंवा पौर्णिमेला ओहोटी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास संपते आणि हिवाळ्यात तेव्हा अंधारच असतो. शिवाय उधाणाचा सर्वाधिक जोर बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतो. या दोन्ही कारणांमुळे प्रतिपदा ते तृतीया हे तीन दिवस सर्वांत सोयीचे ठरतात, मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात याच वेळा काहीशा आधी येतात. हिशेब ढोबळ असल्यामुळे निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजावरून नेमकी वेळ पाहून घ्यावी आणि पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर पोहोचावे. उतरत्या पाण्यामागे चालत जाणे सुरक्षित असते. पाणी वळले की परतायला सुरुवात करावी.

जून ते ऑगस्ट हे महिने सोडून द्यावेत. खवळलेल्या समुद्राचा धोका तर उघडच आहे, शिवाय पावसाळ्याच्या उत्तरार्धात ब्लू बॉटल नावाचे निळसर, फुग्यासारखे दिसणारे प्राणी किनाऱ्यावर वाहून येतात आणि त्यांचे लांब धागे मेल्यानंतरही डंख करतात. लाटा तळ ढवळून ठेवतात आणि त्या ढवळण्याचे फळ समुद्र शांत झाल्यावर किनाऱ्यावर दिसते, म्हणून सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला उत्तम वाटतो. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत केव्हाही जाता येते.

कुठे जावे

किनारा निवडताना ध्यानात ठेवण्याची पहिली गोष्ट अशी की उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे तसा भरती-ओहोटीतील फरक कमी होत जातो. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा फरक चार-साडेचार मीटरच्या घरात जातो, तर गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे डहाणू-बोर्डीच्या सपाट किनाऱ्यावर समुद्र दूरवर मागे जातो आणि चालायला मोठा पट्टा मिळतो; मालवण-वेंगुर्ल्याकडे उघडा पडणारा पट्टा अरुंद असतो, पण वाळू स्वच्छ असल्यामुळे कवचे कमी झिजलेली व रंगाने टवटवीत मिळतात. पुष्कळ जाती पाहायच्या असतील तर उत्तरेकडे जावे आणि थोडी पण देखणी कवचे हवी असतील तर दक्षिणेकडे, असा माझा सल्ला राहील.

नवख्याने सुरुवात अलिबाग ते मुरूड-जंजिरा या पट्ट्यात करावी, कारण येथे थोड्या अंतरात किनाऱ्याचे बहुतेक प्रकार भेटतात. आक्षी आणि नागाव येथे मंद उताराची वाळू आहे. भरतीने मागे ठेवलेल्या रेषांमध्ये येथे स्क्रूसारखी वळणे असलेले तुरितेला, बटणाएवढे चकचकीत अंबोनियम आणि पाचरीच्या आकाराचे छोटे डोनॅक्स दिसतात. अंबोनियमची मूठभर कवचे तळहातावर पसरून पाहावीत. जात एकच असूनही प्रत्येकावरची नक्षी निराळी असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत चालत जाता येते आणि त्या वाटेवरच्या खडपांवर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, कालवे, खडकाला चिकटून बसणारी टोपीच्या आकाराची कवचे आणि नेराइट जातीच्या लहान गोगलगायी जिवंतपणी पाहायला मिळतात. येथे वेचण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे. किल्ला पाहण्यात वेळ गेला आणि पाणी भरले तर पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावे लागते किंवा होडीची वाट पाहावी लागते, म्हणून किल्ला आणि खडपे यांसाठी शक्यतो वेगळे दिवस ठेवावेत.

दापोली तालुक्यातील मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले आणि केळशी हा दुसरा समृद्ध पट्टा आहे. पुळणीच्या मध्यभागी, जेथे गाड्या आणि घोडे फिरतात, तेथे वेळ घालवू नये. लांब पुळणीची दोन्ही टोके, जेथे वाळू संपून खडक सुरू होतो, आणि खाडीचे मुख या जागा आधी पाहाव्यात, कारण तेथे प्रवाह मंदावतो आणि सोबतचे ओझे टाकून देतो. दोन झडपांच्या शिंपल्यांची डावी आणि उजवी झडप आकाराने एकमेकींची उलट प्रतिमा असल्यामुळे पाणी त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने वाहून नेते, आणि कित्येकदा पुळणीच्या एका भागात एकाच बाजूच्या झडपा अधिक सापडतात. जोडी हवी असेल तर बिजागरी शाबूत असलेले कवच शोधावे. ते नुकतेच मेलेल्या प्राण्याचे असते.

हर्णै, रत्नागिरीचे मिरकरवाडा आणि मालवण ही मासेमारीची बंदरे संग्राहकाच्या दृष्टीने पुळणीइतकीच मोलाची आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ट्रॉलरच्या जाळ्यात खोल पाण्यातले शंखही अडकतात आणि मासळी निवडून झाली की ते कचऱ्याबरोबर बाजूला पडतात. काटेरी म्युरेक्स, ठिपक्यांचे बॅबिलोनिया किंवा लांब निमुळता टिबिया असे नमुने किनाऱ्यावर क्वचितच अखंड मिळतात. येथे मात्र ते मिळू शकतात. यासाठी लिलावाची गर्दी ओसरल्यावर जावे, ढिगाला हात लावण्यापूर्वी तेथील मावशींना किंवा तांडेलदादांना विचारावे आणि त्यांच्या कामाच्या मध्ये येऊ नये. सिंधुदुर्गात रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर दोरीला हात लावून मदत करावी. मग जाळ्यात आलेल्या प्रत्येक वस्तूचे स्थानिक नाव आपोआप कळते.

रत्नागिरीला गेल्यास कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय आणि संग्रहालय चुकवू नये. शक्य असेल तर ते सहलीच्या पहिल्याच दिवशी पाहावे, कारण नाव लावलेले नमुने एकदा नजरेखालून गेले की पुढे किनाऱ्यावर ओळख पटायला वेळ लागत नाही. गणपतीपुळ्याचा किनारा रम्य असला तरी तो उताराचा आणि लाटांच्या माऱ्याचा आहे. तेथे कवचे फुटलेलीच अधिक मिळतात. देवबाग आणि भोगवे यांच्या मध्ये कर्ली नदीचे मुख आहे आणि वर सांगितलेले खाडीमुखाचे सूत्र तेथे चांगले लागू पडते. मालवणच्या परिसरात मात्र एक बंधन आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि अभयारण्यातून काहीही उचलण्यास मनाई आहे.

काय पाहावे आणि कसे उचलावे

किनाऱ्यावर पोहोचल्यावर धावत पाण्यापर्यंत जाऊ नये. ओल्या वाळूवर काडीकचरा, शेवाळ आणि कवचे यांच्या समांतर रेषा दिसतात. सर्वांत वरची रेषा अलीकडच्या सर्वांत मोठ्या भरतीची असते आणि खालच्या त्यानंतरच्या. वरच्या रेषेत हलकी, वाळलेली कवचे असतात आणि पाण्याजवळच्या रेषेत जड व ताजी. सूर्य समोर ठेवून, नागमोडी वाटेने, एक रेषा संपवून मग दुसरी धरावी. लहान कवचांसाठी पिठाची जुनी चाळणी आणि झाकणाच्या डब्या, ठिसूळ नमुन्यांसाठी कापूस आणि खडपांवर घसरू नये म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला एवढे साहित्य पुरते.

शिंपल्याच्या बिजागरीजवळ कडा उतरत्या असलेले सुबक गोल छिद्र दिसले तर ते माणसाने पाडलेले नसून नॅटिका जातीच्या शिकारी गोगलगायीने आतला प्राणी खाण्यासाठी पाडलेले असते. असा छिद्राचा शिंपला आणि त्याच पुळणीवरची नॅटिका शेजारी ठेवली तर संग्रहात एक गोष्ट पूर्ण होते, आणि माझ्या दृष्टीने अशा जोडीची किंमत एखाद्या मोठ्या शंखाहून अधिक आहे. वाळूत सापडणारा पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा माकुळ या समुद्री प्राण्याच्या पाठीतला असतो. औषधांच्या दुकानात तो समुद्रफेन म्हणून मिळतो.

प्रत्येक शंख उचलल्यावर आत कोणी राहत आहे का, हे पाहणे अनिवार्य आहे. तोंडावर शिंगासारखे घट्ट झाकण असेल तर मूळ मालक जिवंत आहे. पाय किंवा नांगी आत ओढलेली दिसली तर संन्यासी खेकडा आहे. शंका असल्यास उथळ खारट पाण्यात ठेवून काही मिनिटे थांबावे, हालचाल झाली तर तेथेच सोडावे. संन्यासी खेकड्याला स्वतःचे कवच नसल्यामुळे तो रिकाम्या शंखांवरच अवलंबून असतो, म्हणून मोठे व धडधाकट शंख मूठमूठ गोळा करू नयेत. एका जातीचे एक-दोन नमुने पुरेत. शंकूच्या आकाराचे कोनस जातीचे शंख जिवंत असतील तर हातात किंवा खिशात मुळीच घेऊ नयेत. त्यांना विषारी दात असतो आणि अंदमान-लक्षद्वीपसारख्या प्रवाळी समुद्रांतील काही जातींच्या दंशाने माणूस दगावू शकतो.

कायदा

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत 2001 साली मृदुकाय प्राण्यांच्या काही जाती समाविष्ट झाल्या आणि 2022 च्या दुरुस्तीनंतरही संरक्षण कायम आहे. शिंग असलेला मोठा हेल्मेट शंख, ट्रायटन म्हणजे तुतारीचा शंख, नॉटिलस, महाशिंपल्याच्या जाती, लांब बोटांचे लॅम्बिस शंख, मोठा ट्रोकस आणि खिडकीचा शिंपला ही त्यातील ठळक नावे आहेत. यातील शेवटचा गोव्याच्या वाचकांना परिचित असेल: पूर्वी काचेऐवजी जुन्या घरांच्या खिडक्यांत बसवले जाणारे पातळ, अर्धपारदर्शक शिंपले ते हेच, आणि झुआरीच्या चिखली खाडीत ते अजूनही आहेत. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडीलाही संरक्षण आहे. प्राणी मेलेला होता किंवा वस्तू दुकानातून पावती घेऊन विकत आणली, हा बचाव टिकत नाही. जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो.

म्हणूनच पर्यटनस्थळांवरच्या दुकानांतली मोठी, गुळगुळीत, झळकणारी कवचे विकत घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तेथील किनाऱ्यावर जे सापडते त्याच्याशी त्या मालाचा बहुधा संबंध नसतो आणि अशी निर्दोष झळाळी जिवंत प्राणी मारूनच मिळते. दक्षिणावर्ती शंखाच्या बाबतीत तर फसवणूक सर्रास चालते. आपल्या पूजेतल्या शंखाच्या जातीत उलट्या वळणाचा नमुना अत्यंत दुर्मीळ असतो, परंतु अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच जातीत तसे वळण नेहमीचे असते आणि तेच शंख येथे भरमसाट किमतीला विकले जातात. खऱ्या पूजेच्या शंखाच्या आत मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक घड्या असतात, त्या परदेशी शंखात नसतात.

कोकणाबाहेर

अधिक दूर जायचे असेल तर पाहण्यासाठी जावे, वेचण्यासाठी नव्हे. जामनगरजवळच्या नरारा येथे, कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात, ओहोटीच्या वेळी वाटाड्यासह प्रवाळखडकांवर चालत हिंडता येते. उद्यानातून काहीही उचलता येत नाही. तेथून द्वारकेकडे गेल्यास, ज्या परिसरात सिंधू संस्कृतीच्या काळात नागेश्वर येथे शंखाच्या बांगड्या घडवल्या जात, तो प्रदेशही पाहून होतो. तमिळनाडूत महाबलीपुरमला शंख-शिंपल्यांचे मोठे संग्रहालय आहे. रामेश्वरमला जाणाऱ्यांनी मन्नारच्या आखातातील एकवीस बेटे राष्ट्रीय उद्यानात येतात हे लक्षात ठेवावे. अंदमानातून प्रवाळ किंवा शंख आणू नयेत. विमानतळावर सामानाची तपासणी होते आणि ते काढून घेतले जातात.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी फ्लोरिडातील सॅनिबेल बेट हे पहिले नाव आहे. आजूबाजूची बेटे उत्तर-दक्षिण पसरलेली असताना हे बेट पूर्व-पश्चिम वळलेले आहे आणि मेक्सिकोच्या आखातातून वाहत येणारी कवचे त्यावर अडकतात. तेथे राष्ट्रीय शंखसंग्रहालय आहे आणि जिवंत शंख उचलण्यास बंदी आहे. सप्टेंबर 2022 मधील इयन वादळाने बेटाची मोठी हानी केली होती, तेव्हा जाण्यापूर्वी कोणते किनारे खुले आहेत याची चौकशी करावी. इटलीच्या सार्डिनियात मात्र वाळू, गोटे आणि शिंपले नेल्यास 500 ते 3,000 युरो दंड होऊ शकतो. कॅरिबियन बेटांवरचा राणी शंख, महाशिंपला आणि नॉटिलस देशाबाहेर नेण्यास आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागू शकतो.

घरी आल्यावर

आणलेली कवचे गोड्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवावीत, पाणी रोज बदलावे आणि जुन्या दातघासणीने वाळू काढावी. चमक यावी म्हणून आम्ल किंवा व्हिनेगर वापरण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो, तो मानू नये. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि आम्लात ते विरघळते. शेवाळाचा थर निघतच नसेल तर विरंजक द्रव पाण्यात बराच पातळ करून थोडा वेळ वापरावा, पण कवड्यांना तो लावू नये, त्यांची नैसर्गिक झळाळी जाते. सावलीत वाळवून खनिज तेलाचे अगदी हलके बोट फिरवले की रंग उठून दिसतात.

साठवण्यासाठी लाकडी पेट्या आणि पुठ्ठ्याचे खोके टाळावेत. त्यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा आणि आपल्याकडची दमट हवा यांमुळे कवचांवर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत नक्षी नाहीशी होते. काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या डब्या सुरक्षित असतात. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी असावी आणि तीवर गाव, किनाऱ्याचा नेमका भाग, तारीख, तिथी, तसेच कवच वाळूत, चिखलात, खडपावर की जाळ्यात मिळाले, हे पेन्सिलीने लिहावे, कारण शाई दमट हवेत पसरते. नाव ठाऊक नसेल तर ती जागा रिकामी ठेवली तरी चालते. नाव पुढे केव्हाही लावता येते, परंतु ठिकाण आणि तारीख नसलेले कवच अभ्यासकाच्या उपयोगाचे राहत नाही.